उन्हाळी बेट

आमच्या ग्रामपंचायतीच्या चारही अंगांनी वैनगंगा.
सदस्य सात, मतदार दोनशे एक्केचाळीस,
एक आटाचक्की, चौथीपर्यंतची शाळा
आणि शिपाई एक, तो मी.
दवंडी माझी, टाकीचा कॉक माझा,
मार्चपासून निळं पावतीपुस्तकही माझंच :
यात्रा कर माणशी दहा, नावेचे वीस,
लेकरांना माफ,
कुत्र्याचं अजून ठरलं नाही.

नागपूर शेहेचाळीसवर गेलं
की शनिवारी पलीकडच्या काठाला मोटारी लागतात,
करंजांच्या सावलीत, एकीला एक चिकटून.
माणसं उतरतात, कपाळावर हात धरून इकडं बघतात.
आम्ही इकडून तिकडं.
मधे नदी असते.
म्हणजे, असायची.

मे लागला की ती बारीक होते.
वाळू वर येते, वाळूत टरबुजांचे वेल,
उरलेला पाट गुडघ्याला लागतो न लागतो.
बकऱ्या चालत येतात.
पोस्टमन सायकल खांद्यावर टाकून येतो.
पण पाहुण्याला नाव पाहिजे.
बेटावर पायी गेलो होतो, हे तो घरी कसं सांगणार?

म्हणून मंसाराम मौंदेकर आठजणांना डोंग्यात बसवतो,
वल्हं शोभेला आडवं ठेवतो,
लुंगी खोचून पाण्यात उतरतो
आणि फसलेली बंडी ढकलावी तसा
डोंगा ढकलत नेतो.
बाया किंचाळतात, पोट्टे पाण्यात हात घालतात.
एकजण विचारतो, खोल किती आहे हो इथं?
मांडीपर्यंत ओला मंसाराम म्हणतो,
"जपून बसा, सायेब."

ग्रामसभेत यावर चर्चा झाली.
ठराव क्रमांक अकरा : नावेपुरता चर खणावा,
लांबी नव्वद हात, खोली कमरेइतकी.
सूचक पुस्तकला नान्हे, अनुमोदक तिचाच दीर.
फागोजी शेंडे उठला, म्हणाला,
"सारी हयात पूल मागू मागू सरली,
आन् आता पानी मागून रायलो?"
कोणी हसलं नाही.
मी लिहिलं : चर्चेअंती मंजूर.

रात्री पुस्तकलाच्या अंगणात सहा बाजा,
बाजेचे दीडशे, झिंग्यांचे वेगळे.
नदीवरनं वारा सुटतो, तो फुकट.
मागल्या शनिवारी एक बाई, ओले केस पुसता पुसता,
विचारती झाली : तुम्ही वर्षभर इथंच राहता?
पुस्तकलाचा झारा कढईवर थांबला.
"नाई," ती म्हणाली,
"मार्च ते जून आमी तुमच्यासंग रायतो.
बाकीचं वर्ष इथं."

बाकीचं वर्ष म्हणजे
पावतीपुस्तक खिळ्याला,
शाळेच्या तिसऱ्या पायरीवर पाणी,
मास्तर कधी आले, कधी नाही आले,
आणि पलीकडच्या करंजांखाली कोणीच नाही,
एकही कपाळावरचा हात नाही.
मागच्या सप्टेंबरात पुस्तकलाच्या सुनेला कळा लागल्या.
मंसारामनं वल्हं हातात घेतलं, खरंखुरं,
धार अशी की डोंगा तीनदा तिरपा गेला,
आणि काठ दिसायच्या आधीच पोरगी झाली.

नोंद माझ्याच अक्षरात आहे.
ग्रामसेवक सुटीवर होते.
जन्मस्थान या रकान्यात मी लिहिलं : नदी.
तालुक्याहून कागद परत आला,
लाल शाईत शेरा : नदी हे गाव नाही.
मग दुसरा कागद भरला, गावाचं नाव घातलं.
पहिला मी फाडला नाही.

पोरगी आता आठ महिन्यांची.
परवा टरबुजांच्या वेलांतून रांगत पाटाशी गेली
आणि दोन्ही हात पाण्यावर आपटू लागली.
पाहुण्यांनी मोबाइल काढले.
डोंगा ढकलता ढकलता मंसाराम तिच्यावर ओरडला,
"ए बाई, टिकट!"
ती हसली. दात दोनच.
मी पावतीपुस्तक उघडलं, पेन झटकलं,
पेन चालेना.